वाण उतरत नाही, तांबेरा बदलतो

बाजरीची मळणी उरकली, कांद्याची रोपे लावणीला आली की आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात गव्हाच्या बियाण्याचा विषय निघतो. लोणी, धामणी, शिरदाळे, पहाडदरा, वडगावपीर हा पट्टा कमी पावसाचा. रब्बीत ज्वारीचाच जोर. तरीही विहिरीला थोडेफार पाणी असले की घरच्या पोळीपुरता का होईना, अर्धा-एक एकर गहू होतोच. घोड आणि कुकडीच्या पाण्यावरच्या गावांत, म्हणजे मंचरच्या खाली आणि नारायणगावच्या बाजूला, क्षेत्र याहून मोठे असते.

कोणता गहू पेरणार असे विचारले की बऱ्याच घरांतून एकच उत्तर येते, "आपला लोकवन." आणि नव्या वाणाचे नाव काढले की दुसरे उत्तर ठरलेले, "साहेब, मागं एक नवा वाण आणला होता. पहिली चार वर्षं तांबेरा दिसला नाही. आता दिसतोय. वाण उतरला."

'वाण उतरला' हा शब्द आपल्याकडे सर्रास वापरला जातो. बियाणे जुने झाले, म्हातारे झाले, त्यातली ताकद गेली, असा त्याचा अर्थ घेतला जातो. तांबेऱ्याच्या बाबतीत मात्र हे खरे नाही. वाण तोच राहतो, समोरचा तांबेरा बदलतो. हा फरक नीट समजला तर बियाणे कधी बदलायचे, कशासाठी बदलायचे आणि गावात किती वाण ठेवायचे, हे ठरवणे सोपे जाते.

आधी रोग ओळखा

गव्हावर तांबेरा तीन प्रकारचा येतो. पानावर येणारा तो नारिंगी किंवा तपकिरी तांबेरा. पानाच्या वरच्या बाजूस गोलसर, विखुरलेले, नारिंगी-तपकिरी फोड दिसतात. खोडावर येणारा काळा तांबेरा लांबट फोडांचा असतो. त्यात खोडाची साल फाटते आणि फोड पुढे काळपट पडतात. तिसरा पिवळा तांबेरा पानावर पिवळ्या रेघा पाडतो. तो थंड हवेचा रोग असून उत्तरेकडे पंजाब, हिमाचलच्या बाजूस जास्त आढळतो. आपल्याकडे काळजी घ्यायची ती पहिल्या दोघांची.

पान पिवळे पडले, करपले म्हणजे तांबेरा असे समजू नये. संशय आला तर पांढरा रुमाल किंवा बोट पानावर घासून पाहावे. नारिंगी भुकटी लागली तर तांबेरा. भुकटी नसेल तर करपा, अन्नद्रव्यांची कमतरता किंवा पाण्याचा ताण असू शकतो. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. एकेका फोडातून ते हजारोंनी बाहेर पडतात.

दिवसाची हवा १५ ते २५ अंशांच्या दरम्यान आणि पानावर काही तास दव किंवा ओल असली की बीजाणू रुजतो. आठ-दहा दिवसांत त्याचा नवा फोड तयार होऊन पुन्हा उधळतो. जानेवारीत ढगाळ हवा आणि दव राहिले की रोग भराभर वाढतो तो यामुळेच. ओंबीलगतच्या शेवटच्या पानावर, म्हणजे झेंडा पानावर, तांबेरा लवकर चढला तर दाणा भरत नाही. तो चिमलेला आणि वजनाला हलका निघतो.

तांबेरा येतो कुठून?

"बियाण्यातूनच आला असेल" असे अनेकजण म्हणतात. तांबेरा बियाण्यातून येत नाही. ही बुरशी फक्त जिवंत हिरव्या पानावर जगते. आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा तिला सोसत नाही, शेतात ती संपून जाते. मग पुढच्या हंगामात पुन्हा कशी येते?

या प्रश्नाचे उत्तर आग्रा कॉलेजचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी शोधले. १९२० नंतरची जवळजवळ तीन दशके त्यांनी या एका रोगामागे घालवली. मैदानी भागात तांबेरा उन्हाळ्यात टिकत नाही, तो डोंगराळ थंड भागात टिकतो आणि तेथून वाऱ्याबरोबर खाली येतो, हे त्यांनी दाखवून दिले. दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या डोंगरात वर्षभर गहू राहू शकतो, त्यामुळे तांबेराही राहतो. हिवाळ्याच्या तोंडाशी बंगालच्या उपसागरातील वादळांबरोबर हे बीजाणू उत्तरेकडे निघतात आणि पावसाबरोबर कर्नाटक, महाराष्ट्र, मध्य प्रदेशात उतरतात, असे पुढच्या अभ्यासांतून दिसून आले.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, केवळ स्वतःचे शेत स्वच्छ ठेवून तांबेरा थांबत नाही, कारण तो आकाशातून येतो. दोन, आल्यानंतर त्याला बसायला जागा मिळते की नाही, हे मात्र आपण पेरलेल्या वाणावर अवलंबून आहे.

बियाण्यातली राखण

काही वाणांवर तांबेरा येतो आणि शेजारच्या वाफ्यातील दुसऱ्या वाणावर येत नाही, हे शेतकऱ्यांनी फार पूर्वीपासून पाहिले होते. हा गुण आई-बापाकडून ठरावीक नियमाने पुढच्या पिढीत उतरतो, हे इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये पिवळ्या तांबेऱ्यावर संकर करून दाखवले. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा येथे हॅरॉल्ड फ्लोर यांनी जवसावरील तांबेऱ्याचा अभ्यास केला. झाडातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीत एक जोडीदार जनुक असतो, हे त्यांनी मांडले. गव्हालाही तोच नियम लागू पडतो.

शेतातल्या भाषेत सांगायचे तर हा जनुक म्हणजे राखणदार. त्याला एका चोराची ओळख पक्की असते. समजा, तो चोर लंगडत चालतो. अंधारात लंगडी चाल दिसली की राखणदार आरोळी ठोकतो. गव्हाच्या पानात हेच घडते. बुरशी आत शिरताच ओळख पटते आणि तिच्या भोवतालच्या पेशी झाड स्वतःच मारून टाकते. जिवंत पेशी नाही म्हणजे बुरशीला अन्न नाही. पानावर सुईच्या टोकाएवढा पांढुरका-पिवळा ठिपका उरतो, फोड धरत नाही.

पानावरील तांबेऱ्याविरुद्धच्या अशा जनुकांना शास्त्रज्ञ 'एल.आर.' आणि काळ्या तांबेऱ्याविरुद्धच्या जनुकांना 'एस.आर.' असे म्हणून क्रमांक देतात. सगळेच गव्हातले नाहीत. एल.आर. २४ हा अॅग्रोपायरॉन नावाच्या रानगवतातून आणलेला आहे, तर एल.आर. २६ हा राय या धान्यपिकातून.

मग 'उतरतो' म्हणजे काय होते?

राखणदार तोच असतो, डोळेही तेवढेच तीक्ष्ण असतात. पण उद्या न लंगडणारा चोर आला तर तो ओळखूच येत नाही. कोट्यवधी बीजाणूंत एखाद्यामध्ये असा बदल आपोआप होतो. इतर वाणांच्या शेतात त्याला विशेष फायदा नसतो. पण सगळ्या शिवारात तोच एक वाण, तोच एक राखणदार असेल, तर बाकीचे बीजाणू मरतात आणि हा एकटा वाढत जातो. दोन-चार हंगामांत शिवारभर त्याचीच पिलावळ होते. आपण म्हणतो, वाण उतरला.

याचे मोठे उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९६७ मध्ये आलेल्या कल्याणसोनाने हरितक्रांतीत कोठारे भरली. तो लाखो हेक्टरवर पसरला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तांबेऱ्याचे नवे प्रकार त्याच्यावर बसू लागले आणि काही वर्षांत तो बदलावा लागला. बियाण्यात दोष नव्हता. एकच वाण फार मोठ्या क्षेत्रावर होता, हे कारण.

जगातले उदाहरण युगांडातले. रायमधून आणलेल्या एल.आर. २६ च्या सोबतच एस.आर. ३१ हा काळ्या तांबेऱ्याचा राखणदारही गव्हात आला होता आणि अनेक देशांनी त्याच्यावर भिस्त ठेवली होती. १९९८ मध्ये युगांडात त्यालाही न जुमानणारा तांबेरा सापडला. तो 'यूजी ९९' या नावाने ओळखला जातो. २००७ मध्ये तो इराणपर्यंत पोहोचल्याचे आढळले. भारतात त्याची नोंद नाही, पण त्याला तोंड देणारे वाण निवडण्याचे काम आपल्या शास्त्रज्ञांनी आधीच हाती घेतले.

म्हणून लक्षात ठेवावे : गहू हे स्वपरागीकरण होणारे पीक आहे. भेसळ होऊ दिली नाही तर घरचे बियाणे तीन वर्षे बिनधास्त वापरता येते, त्यातील राखण कमी होत नाही. बियाणे चौथ्या वर्षी बदलायचे ते शुद्धतेसाठी. वाणच बदलायचा तो तांबेरा बदलला म्हणून. पिशवी नवी आणि वाण जुनाच, असे केले तर तांबेऱ्याच्या बाबतीत काही फरक पडत नाही.

राखणदाराबरोबर कुंपणही

दुसऱ्या तऱ्हेची प्रतिकारशक्ती कुंपणासारखी असते. कुंपण कोणाला ओळखत नाही, पण येणाऱ्या प्रत्येकाला अडवते, उशीर करते. एल.आर. ३४ हा असा जनुक आहे. तो रोपावस्थेत नव्हे, पीक मोठे झाल्यावर काम करतो. तांबेरा येतो, पण उशिरा येतो, फोड लहान आणि कमी राहतात, पसरण्याचा वेग मंदावतो. तोपर्यंत दाणा भरून जातो. जवळजवळ शंभर वर्षे वापरात असूनही या जनुकाचा प्रभाव टिकून आहे. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नेमकी रचनाही शोधून काढली.

व्यवहारात याचा अर्थ असा की, प्रतिकारक म्हणून आणलेल्या गव्हावर फेब्रुवारीत खालच्या पानांवर चार फोड दिसले तर घाबरून फवारणीचा पंप काढू नये. वरची दोन पाने स्वच्छ आहेत का, ते पाहावे. ती स्वच्छ असतील तर वाण आपले काम करतो आहे. मोठे फोड झेंडा पानावर भराभर वाढत असतील तर मात्र ती धोक्याची खूण समजावी.

आपल्या मातीतला ठेवा

प्रतिकारशक्ती ही परदेशातून आलेली वस्तू आहे असे मानायचे कारण नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे होणारा खपली गहू सर्वांना ठाऊक आहे. खिरीला, पुरणपोळीला चांगला म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. शास्त्रज्ञांनी त्याचे कौतुक वेगळ्याच कारणासाठी केले. अमेरिकेत मिनेसोटा येथे स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ मध्ये काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी १२ गव्हांचा संच ठरवला, त्यात खपली होता. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या वॉटरहाऊस यांनी खपलीचा तेथील स्टाइनवेडेल गव्हाशी संकर करून खॅपस्टाइन हा वाण काढला. एस.आर. १३ आणि एस.आर. १४ हे दोन जनुक जगाला खपलीतून मिळाले.

आपल्या निफाडच्या केंद्रानेही जुन्या मुंबई राज्याच्या काळात केनियातील तांबेरा-प्रतिकारक गहू आणि निफाडचा गहू यांचा संकर करून वाण काढले होते. दोन्ही नावे जोडून त्यांना 'केनफड' म्हणत. महाबळेश्वरला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. गेरवा म्हणजेच तांबेरा. तिथली थंड, दमट हवा तांबेऱ्याला मानवते, म्हणून नवे वाण तिथे रोगाच्या तोंडी देऊन पारखले जातात. असेच काम निलगिरीत वेलिंग्टनच्या केंद्रात चालते. देशभरातून आलेल्या तांबेऱ्याच्या नमुन्यांवरून कोणता प्रकार वाढतो आहे, याची तपासणी सिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात होते. एक नवा वाण शेतकऱ्यापर्यंत यायला दहा-बारा वर्षे लागतात, ती या सगळ्या पारखणीमुळे.

लोकवनचे काय करायचे?

लोकवनचे खरे नाव लोक-१. गुजरातमध्ये भावनगर जिल्ह्यातील सणोसरा येथील लोकभारती संस्थेत झवेरभाई पटेल यांनी तो तयार केला आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो शेतकऱ्यांकडे आला. इंग्रजी 'वन'चे आपण 'लोकवन' केले. टपोरा, चमकदार दाणा, चांगली पोळी, थोड्या उशिरा पेरणीतही साथ देणारा. चाळीस वर्षे लोकांनी तो उगीच धरून ठेवलेला नाही.

पण तांबेऱ्याला तो बळी पडतो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. "वीस वर्षं पेरतोय, कुठं काय झालं?" असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे की आपल्याकडे बऱ्याच वर्षी बीजाणू उशिरा पोहोचतात, जानेवारी कोरडा जातो आणि फेब्रुवारीच्या उन्हात रोग वाढायच्या आत गहू पिवळा पडतो. म्हणजे हवामानाने वाचवले, वाणाने नव्हे. ज्या वर्षी डिसेंबरात अवकाळी पाऊस, नंतर ढग आणि दव असा योग जुळून येईल, त्या वर्षी हे नशीब साथ देईलच असे नाही. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याने गव्हाची धूळधाण केली होती, ती अशाच हवेत.

घरी खाण्यापुरता लोकवन ठेवायचा असेल तर ठेवावा. सगळे क्षेत्र मात्र त्याच्यावर सोडू नये.

वाण कोणता निवडावा?

वाणाच्या नावातली अक्षरे समजून घेतली तर फसगत टळते. 'एनआयएडब्ल्यू' म्हणजे निफाडचा सरबती गहू, 'एनआयडीडब्ल्यू' म्हणजे निफाडचा बन्सी गहू. 'एमएसीएस' म्हणजे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा. ही संस्था १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून स्थापन झाली, तिच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत. पुढचा आकडा हा वाणाचा क्रमांक, साल नव्हे.

* एक-दोन पाण्याची सोय असेल तर, म्हणजे लोणी-धामणी पट्ट्यात, नेत्रावती (एनआयएडब्ल्यू-१४१५) योग्य. तांबेऱ्याला प्रतिकारक असून एका पाण्यावर हेक्टरी २७ ते ३० क्विंटल, म्हणजे एकरी ११-१२ क्विंटल देण्याची त्याची क्षमता आहे. पेरणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात करावी. एकच पाणी असेल तर ते ४० ते ४२ दिवसांनी द्यावे. दोन असतील तर पहिले २० ते २२ दिवसांनी आणि दुसरे ६० ते ६५ दिवसांनी. मर्यादित पाण्यासाठी फुले सात्विक (एनआयएडब्ल्यू-३१७०) हा दुसरा वाण आहे, पण तो बिस्किटासाठी जास्त योग्य.
* पुरेसे पाणी असेल तर फुले समाधान (एनआयएडब्ल्यू-१९९४). वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांना चालतो, त्यामुळे ऊस किंवा कांदा निघाल्यानंतरच्या रानालाही उपयोगी.
* वेळेवर बागायती पेरणीसाठी एमएसीएस ६२२२ आणि एमएसीएस ६४७८. दुसरा वाण सुमारे ११० दिवसांत येतो. सातारा जिल्ह्यातील करंजखोपच्या शेतकऱ्यांना या वाणाने हेक्टरी ४५ ते ६० क्विंटल उत्पादन दिले. पूर्वी लोकवन आणि इतर जुन्या वाणांवर त्यांना २५ ते ३० क्विंटल मिळत असे. २०२० मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली. वाढीत खत-पाण्याचाही वाटा असतो, हे ध्यानात ठेवावे.

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी असते. ती आणि पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी. बागायतीसाठी एकरी ४० किलो बियाणे पुरते. युरियाचा मारा करू नये. पीक दाट आणि लुसलुशीत झाले की आत ओल टिकते आणि तांबेऱ्याला बरे पडते.

गावाने करायची कामे

तांबेरा बांध ओळखत नाही. म्हणून काही कामे एकट्याने करण्याची नाहीत. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी विभागाचे गावातील कर्मचारी यांनी मनावर घेतले तर खर्च न करता होतील अशी ती आहेत.

पहिले, पेरणीपूर्वीच्या ग्रामसभेत किंवा चावडीवर कोण कोणता गहू पेरणार, याची साधी यादी करावी. गावातील निम्म्याहून जास्त गहू एकाच वाणाचा होत असेल तर काहींनी दुसरा प्रतिकारक वाण घ्यावा. शेजारी-शेजारी वेगळे वाण असले की एका वाणावर बसलेला तांबेरा दुसऱ्यावर तितक्या सहजी चढत नाही.

दुसरे, डिसेंबरच्या अखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आठवड्यातून एकदा शेतात पाच ठिकाणी थांबून पाने पाहावीत. विशेषतः लोकवनच्या प्लॉटमध्ये. गावात तांबेरा आला तर तो आधी तिथे दिसण्याची शक्यता जास्त.

तिसरे, प्रतिकारक वाणावर मोठे फोड दिसले तर ती पाने कागदाच्या पाकिटात घालून, वाण, गाव आणि तारीख लिहून, नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा घोडेगावच्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्यावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नयेत, पाने घामेजून कुजतात. तांबेऱ्याचा नवा प्रकार आला आहे की काय, याचा शोध अशाच नमुन्यांवरून लागतो.

चौथे, फवारणी हा शेवटचा उपाय. रोग वरच्या पानांकडे सरकत असेल आणि दाणा अजून दुधाळ व्हायचा असेल तर प्रोपिकोनॅझोल २५ टक्के हे बुरशीनाशक १० लिटर पाण्यात १० मिली या प्रमाणात, डब्यावरील सूचना वाचून फवारावे. दाणा भरून गहू पिवळा पडू लागल्यावर फवारणी करणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

औषध, मजुरी आणि पंपाचे पाणी यांचा खर्च दरवर्षी नव्याने करावा लागतो. बियाण्यातली राखण मात्र एकदा निवडली की पेरणीपासून काढणीपर्यंत फुकट काम करते. तिफण धरण्यापूर्वी पिशवीवरचे नाव एकदा वाचावे, आणि शेजाऱ्याने कोणता पेरला तेही विचारून घ्यावे.